जुन्या एंटरप्राइज होडीचं रिगिंग: तारा, चेनप्लेट, रिव्हेट (हतनूर जलाशय)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. हतनूरच्या पाण्यावर चालवायला एंटरप्राइज वर्गाची जुनी शिडाची होडी तयार करायची आहे. लांबी ४.०४ मीटर, दोन माणसांची. हल (होडीचं अंग) मरीन प्लायचा, डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची. होडी आधी समुद्रावर वापरलेली आहे. आजची स्थिती:

दोन्ही श्राउड (डोलकाठीच्या बाजूच्या आधारतारा) आणि फोरस्टे (पुढची आधारतार) ३ मिमी, १×१९ स्टेनलेस तारेचे. डाव्या श्राउडच्या खालच्या स्वेजपाशी (तारेवर मशीनने दाबून बसवलेल्या टोकापाशी) एक धागा तुटून वर आलाय.
चेनप्लेट (श्राउडचं खालचं टोक अडकतं ती पट्टी) डेकमधून खाली जाऊन आतल्या चौकटीला बोल्टने बसवलेली आहे. डाव्या बाजूला तिच्याभोवती रंग फुगलाय आणि दाबलं की डेक मऊ लागतो.
डोलकाठीवर श्राउड अडकतात त्या टँगच्या (पत्र्याच्या कानाच्या) रिव्हेटभोवती पांढरी भुकटी आहे.
हॅलयार्ड (शीड वर चढवायचे) तारेचे, शेपटीला दोर. दोर कडक झालाय.

प्रश्न असे. ३ ऐवजी ४ मिमी तार घेतली तर जास्त भक्कम होईल ना? ती जळगावात सहज मिळते. स्वेज करून घ्यायला मुंबई गाठावी लागेल की डॉग क्लिपने (तार चिमटणाऱ्या यू-बोल्टच्या क्लिपने) भागेल? पाणी गोडं आहे, मग ३१६ ऐवजी ३०४ प्रतीचं स्टेनलेस चालेल का? आणि सुरुवात कुठून करू?

शिडवाला
भाऊ, तार शेवटी. आधी ती जिथे अडकते ते बघा.

४ मिमीचा हिशेब असा. दोघांचं वजन मिळून १५० किलो धरा. दोघं काठाबाहेर झुकले की त्यांचा भार होडीच्या मधल्या रेषेपासून साधारण १.१ मीटरवर पडतो. गुणाकार १६५. चेनप्लेट मधल्या रेषेपासून ०.७ मीटरवर असेल, तर वाऱ्याकडच्या श्राउडवर १६५ भागिले ०.७, म्हणजे सुमारे २३५ किलोचा ओढा. आधी दिलेला ताण आणि लाटेचे झटके धरून ३५० म्हणा. ३१६ प्रतीची ३ मिमी १×१९ तार ७०० किलोच्या आसपास तुटते. दुप्पट झाली, या होडीला तेवढी पुरते.

४ मिमी तार १२०० किलोच्याही पुढे जाते, पण होडी तेवढी कुठे जाते? जुन्या प्लायमधून चेनप्लेट उपटून निघेल. वर ४ मिमीच्या टर्मिनलला जाड पिन लागते. म्हणजे चेनप्लेटचं भोक मोठं करा, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेला पत्रा आणखी कमी. एक जागा जाड करायला जावं तर दुसरी बारीक होते.

जळगावात जी सहज मिळते ती बहुतेक पंपाला किंवा क्रेनला लावायची ६×१९ गॅल्व्हनाइज्ड दोरतार असते, मधे तागाचा नाहीतर प्लॅस्टिकचा गाभा. ती वळायला छान आणि ताणायला वाईट. प्रत्येक झुळकेला लांब होईल, डोलकाठी डुलत राहील. श्राउडला १×१९च हवी: मधे एक धागा, त्याभोवती सहा, बाहेर बारा. कडक असते, म्हणून कमी ताणते.

लोहारआळी
३०४ की ३१६ याबद्दल. गोड्या पाण्यात ३०४ चालतं, कोणी घाबरवलं तरी. पण तुमची होडी समुद्रावरून आली आहे आणि मीठ अजून फटीत बसलेलं असणार. स्टेनलेसला हवा लागत राहिली की तो टिकतो. सीलंटखाली, डेकच्या जाडीत, बोल्टच्या डोक्याखाली हवा पोचत नाही पण ओल पोचते, तिथे तो आतून पोखरतो. वरून चकचकीत, आत चीर. म्हणून दोन्ही चेनप्लेट पूर्ण बाहेर काढा. उजवी चांगली दिसते म्हणून सोडू नका.

काढल्यावर डाय पेनिट्रंट चाचणी करा. दीपनगरच्या वीजकेंद्राची नाहीतर वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणींची कामं करणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेटरकडे तिचे तीन डबे असतात. पहिल्या डब्याने तेलकटपणा साफ. दुसऱ्यातला लाल रंग मारून १०-१५ मिनिटं थांबा. रंग फडक्याने पुसा. क्लीनर फडक्यावर घ्या, थेट पत्र्यावर मारला तर चिरेतलाही रंग धुऊन जातो. मग तिसऱ्या डब्यातला पांढरा डेव्हलपर, आणि १० मिनिटांनी बघा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भोकाची कड आणि डेकच्या पातळीवरचा पट्टा, या दोन जागा नीट बघा.

रेघ दिसली तर वेल्डिंग करून भागवू नका. नवी बनवा. दूध डेअरीच्या टाक्या करणाऱ्यांकडे ३१६एलचे तुकडे पडलेले असतात, लहान तुकड्याला फार पैसे पडत नाहीत. जुनीचीच जाडी आणि रुंदी ठेवा. भोक ड्रिलने पाडायला सांगा, पंचने पाडलेल्या भोकाच्या कडेला बारीक चिरा राहतात. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट अंतर. वाक असेल तर आतली त्रिज्या निदान पत्र्याच्या जाडीएवढी. शेवटी सगळ्या कडा बफ करून घ्या.

आणि लोहचुंबक घेऊन ३०४-३१६ ओळखायला जाऊ नका. दोन्हीला चिकटत नाही, आणि थंड वाकवलेल्या ३०४ला थोडं चिकटतं. दुकानदार त्यावर शपथ घेईल, घेऊ दे.

सुतारपक्षी
डेक मऊ लागतो म्हणजे प्लाय कुजलाय. किती, ते आधी ठरवा. टोच्या घेऊन चेनप्लेटपासून बाहेर दर २ सेंमीवर टोचत जा. चांगल्या लाकडात टोक अडतं, काढताना लाकूड धरून ठेवतं. कुजक्यात सरळ जातं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका, टणक आणि भद्द यातला फरक कळतो. जिथे टणक सुरू होतो तिथून ५ सेंमी पुढे खूण करा, कापायचं तिथे.

ठिगळाचा प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा घ्या. त्या मानकात ७२ तास उकळण्याची चाचणी आहे. शिक्का छापणं सोपं असतं, म्हणून दुकानातून हातभर तुकडा मागा आणि दिवसभर पातेल्यात उकळा. थर सुटले तर परत करा. कडेने बघताना आतल्या थरांत पोकळ फटी दिसल्या तरी परत. फर्निचरवाले ज्या फटीत पुट्टी भरतात, त्याच फटीतून तुमचा बोल्ट पाणी ओढणार.

सांधा सरळ काप घेऊन ठेवू नका. प्लायच्या जाडीच्या आठपट उतार द्या. ६ मिमी प्लायला ४८ मिमीचा उतार येतो. खालून ठिगळापेक्षा मोठी पट्टी.

तापीकाठ
टोचून पाहिलं. डाव्या बाजूला चेनप्लेटच्या पुढे ६ सेंमी, मागे ४ सेंमीपर्यंत मऊ आहे. चौकट मात्र टणक आहे. उजवीकडे मऊ नाही, पण बोल्टची भोकं आतून काळी झालीत. ती तशीच ठेवून सिलिकॉन भरून बोल्ट घट्ट केले तर?

कापूसकोंड्या
भाऊ, सिलिकॉन नको वापरू. बठ्ठं काढता काढता नाकी नऊ येतीन.

सुतारपक्षी
कापूसकोंड्या आप्पांशी सहमत. सिलिकॉनचा तेलकट थर लाकडात उरतो आणि नंतर त्यावर रंग, इपॉक्सी, दुसरा सीलंट, काहीच धरत नाही. बाथरूमला ठीक.

काळी भोकं म्हणजे ओल आत शिरू लागली आहे. रीत अशी: ६ मिमीचं भोक १० ते १२ मिमीचं करा. आतलं काळं लाकूड दिसेनासं होईपर्यंत खरवडा. पूर्ण वाळू द्या. आपल्याकडे एप्रिल-मेत त्याला फार वाट पाहावी लागत नाही. खालून टेप लावा. आधी नुसतं पातळ इपॉक्सी ब्रशने भोकाच्या भिंतीला पाजा, लाकूड पीत राहील तोवर. मग सिलिका किंवा बारीक लाकडी भुसा घालून दाट केलेलं इपॉक्सी भरा. ते पक्कं झालं की बरोबर मध्यावर ६ मिमीचं भोक. आता बोल्ट इपॉक्सीतून जातो, लाकडाला शिवत नाही. पुढेमागे सीलंट फुटला तरी पाणी प्लायच्या थरांत जाणार नाही.

हे काम सकाळी लवकर करा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. दुपारी डब्यातच उकळून धूर येईल. स्लो हार्डनर घ्या, एका वेळी ५० ग्रॅमच्या वर कालवू नका.

लोहारआळी
बाकी सगळं पटलं, सकाळ पटली नाही. सकाळी लावलं की लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढत बाहेर येते. भरलेलं भोक वरून छान, आत जाळी. संध्याकाळी लाकूड निवत असताना लावा, हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं.

सुतारपक्षी
खरं आहे. मोकळ्या लाकडाला पहिला पातळ हात संध्याकाळी. होडी सावलीत, चांगल्या छपराखाली असेल तर भराव सकाळी चालेल. उन्हात असेल तर दोन्ही संध्याकाळीच.

सीलंट: पॉलियुरेथेन, सिकाफ्लेक्ससारखा, किंवा ब्युटाइल टेप. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलीने पिकतो. मेमधल्या कोरड्या हवेत वर साय धरते आणि आत कच्चा राहतो, तेव्हा डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट थांबा. पहिल्यांदा नट इतकाच आवळा की सीलंटचा जेमतेम १ मिमी थर राहील. पिकल्यावर पाव फेरा. फिरवायचा नट, बोल्ट नाही. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचा सीलंट फाटतो. खाली नुसतं छोटं वॉशर देऊ नका, रुंद वॉशर किंवा ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी द्या.

स्टेनलेसच्या नायलॉक नटला आधी थोडं ग्रीस. सुका नट मशीनने जोरात फिरवला तर आटे एकमेकांत वितळल्यासारखे अडकतात, मग पुढे नाही मागे नाही, कापावाच लागतो.

शिडवाला
आता डोलकाठी. पांढरी भुकटी म्हणजे स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून बसलेत, मधे ओल आहे आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतंय. टँग काढावाच लागेल.

जुन्या रिव्हेटचं डोकं ४.८ मिमी ड्रिलने उडवा. रिव्हेट गोल गोल फिरायला लागला तर डोक्याशेजारी पोगर टेकवून धरा, जोर केला की भोक वाटोळं सोडून लांबट होतं. उरलेला भाग पंचने आत ठोका आणि डोलकाठी हलवून खालून बाहेर काढा. आत राहिलेल्या लोखंडी सळ्या गंजतात, आणि वाऱ्यात रात्रभर खुळखुळा वाजतो.

भोक गोल राहिलं असेल तर त्याच जागी नवा ४.८ मिमी मोनेल (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा) रिव्हेट, ड्रिल ४.९. मोनेल मिळाला नाही तर स्टेनलेसचा, पण टँगखाली आणि रिव्हेटच्या अंगाला झिंक क्रोमेट पेस्ट किंवा ड्युरालॅक लावूनच. नुसता अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट इथे नको, भार कापण्याच्या दिशेने येतो आणि तो मऊ असतो. लांबी निवडताना डोलकाठीचा पत्रा अधिक टँगचा पत्रा मोजा. समजा १.६ अधिक १.५, म्हणजे ३.१, ज्याच्या पकडीच्या मर्यादेत ३.१ मधोमध येईल तो घ्या.

भोक लांबट झालं असेल तर टँग २५-३० मिमी वर किंवा खाली सरकवा, दोन्ही बाजूंना सारखाच. सगळी नवी भोकं एकाच आडव्या रेषेत नकोत. पोस्टाच्या तिकिटांची कड आठवा. डोलकाठी तशीच त्या रेषेत दुमडते. जुनी रिकामी भोकं साध्या रिव्हेटने बुजवा.

रिव्हेटऐवजी आटे पाडून एम५ स्क्रू बसवायचा मोह होईल. आट्याचं अंतर ०.८ मिमी. १.६ मिमी पत्र्यात दोनच आटे धरतात. क्लीट (दोर अडकवायचा खुंटा) बसवायला ठीक, श्राउडला अजिबात नाही.

तापीकाठ
मोठी मदत. तारेच्या टोकांचं काय करू? आणि फोरस्टेला श्राउडपेक्षा जाड तार लागते का? समोरचा सगळा भार तोच घेतो ना?

शिडवाला
नाही घेत. या होडीत फोरस्टे डोलकाठी उभी धरून ठेवण्यापुरता. पाण्यावर जिब (पुढचं छोटं शीड) चढवून हॅलयार्ड ताणलं की फोरस्टे सैल पडतो आणि पुढचा सगळा ओढा जिबच्या पुढच्या कडेत शिवलेल्या तारेवर आणि जिब हॅलयार्डवर जातो. म्हणजे तुमच्या यादीत दोन गोष्टी राहिल्या. ती शिवलेली तार: शिडाच्या कोपऱ्यातली शिवण बोटभर उसवून बघा, कापडावर तांबूस डाग असेल तर तार बदला. आणि जिब हॅलयार्डची वरची कप्पी, जिची पिन सहसा कोणी बघत नाही. पिन काढून मध्यावर झिजली का ते नख फिरवून कळतं.

टोकांसाठी तीन रस्ते आहेत.

डॉग क्लिप नको. क्लिप १×१९च्या कडक धाग्यांना चेपते आणि ती तार थिंबलभोवती (फासात बसवायच्या धातूच्या कड्याभोवती) नीट वळतही नाही. तात्पुरती कुठे लावलीच तर खोगीर भाराच्या तारेवर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर.

दुसरा, स्वेज. दोन श्राउड आणि एक फोरस्टे, सहा टोकं. मुंबईत करून घेणार असाल तर जुन्या तारा कुरिअरने पाठवा, नुसते आकडे सांगू नका. मोजायचं पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, तार आडवी पसरून नाही, टांगून खाली १०-१५ किलो वजन लावून. डावा-उजवा वेगळा आला तर दोन्ही मोठ्या मापाचे सांगू नका. आधी कोणत्या बाजूची चेनप्लेट सरकलीय ते बघा.

तिसरा, स्टा-लॉकसारखं यांत्रिक टर्मिनल. महाग, पण दोन पान्यांनी घरी बसतं. तार कापायच्या जागी टेप गुंडाळून केबल कटरने काटकोनात कापा. आधी सॉकेट तारेत ओवा, हे विसरलं की सगळं पुन्हा. बाहेरचे १२ धागे उलगडा. आतल्या ७ धाग्यांच्या गाभ्यावर कोन चढवा, गाभा कोनाबाहेर साधारण दीड मिमी दिसू द्या. बाहेरचे धागे पुन्हा मूळ पिळाने कोनाभोवती बसवा. कोनाला फट असते. एकही धागा त्या फटीत पडता कामा नये. जोडून आवळा, मग पुन्हा उघडून बघा की बाराही धागे सारखे वाकलेत का. ठीक असेल तर आत थोडा सीलंट भरून कायमचं बंद करा. चुकलं तर तार पुन्हा कापायची आणि कोन नवा घ्यायचा.

माझं मत: वरची टोकं स्वेज, खालची यांत्रिक. खालच्या टोकात पाणी साचतं, बिघाड तिथेच होतो, आणि त्या वेळी अख्खी तार फेकावी लागत नाही. मात्र यांत्रिक टर्मिनल लांब असतं, तेवढी लांबी तारेतून वजा करा.

लोहारआळी
स्वेज करून आला की आधी सरळपट्टी लावून बघा. मशीनमध्ये तिरका गेला तर तो वाकडा निघतो. रिगिंगवाले त्याला बनाना म्हणतात, आणि रावेर-यावलच्या माणसाला केळं ओळखायला सांगायला नको. वाकडा स्वेज परत करा. ठोकून सरळ केला तर चिरतो.

ग्राइंडरने तार कापत असाल तर त्याच डिस्कने आधी साधं लोखंड कापलेलं नको. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि महिनाभरात तांबूस ठिपके उमटतात. लोक मग म्हणतात स्टेनलेस खोटं होतं.

कापूसकोंड्या
तुटलेला धागा शोधायला कापसाचा बोळा पुरतो. श्राउडवर वरपासून खालपर्यंत हलक्या हाताने फिरवा, जिथे धागा तुटलाय तिथे कापूस अडकतो. उघडा हात फिरवाल तर बोट फाटेल. यंदा भाव नाही मिळाला तरी कापसाचा एवढा उपयोग होईल.

सातपुडा_वारा
एक शंका. मेमध्ये दुपारी तारा तापून सैल होतात असं ऐकलं. पहाटे लावलेला ताण दुपारी पुन्हा द्यायचा का?

शिडवाला
अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीला उलटं होतं. पहाट आणि दुपार यात ३० अंशांचा फरक धरा, टँगपर्यंतची उंची ५ मीटर. अ‍ॅल्युमिनियम साधारण ३.५ मिमी वाढतं, स्टेनलेस तार २.४. डोलकाठी १ मिमी जास्त वाढली, म्हणजे तारा किंचित घट्ट. लाकडी डोलकाठी असती तर ती अर्धा-पाऊण मिमीच वाढली असती आणि तारा पावणेदोन मिमी सैल पडल्या असत्या. तुम्ही ऐकलेलं बहुधा लाकडी डोलकाठीचं असेल.

ताण मोजायला महागडा गेज नसला तरी चालतं. १×१९ तार दर २ मीटरला १ मिमी ताणली की तिच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला. २ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, वरचं टोक सैल श्राउडला टेपने पक्कं करा, खालच्या टोकाशी तारेवर खूण. जिब हॅलयार्ड ताणा. खूण पट्टीच्या टोकापासून २ मिमी दूर गेली तर १० टक्के, आपल्या तारेला ७० किलो. जुन्या प्लायच्या हलला मी इथेच थांबेन. ३ मिमी म्हणजे १५ टक्के, शंभरच्या वर. त्यापुढे गेलात तर डोलकाठीची खालची बैठक हल दाबायला लागते आणि सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीचा सांधा गळतो.

१ मिमी फरक म्हणजे वरच्या हिशेबात २ टक्के. दुपारी काही करू नका.

नव्या तारेचे धागे पहिल्या दोन-तीन वेळा बसतात, तेव्हा मात्र पुन्हा मोजा. डोलकाठी सरळ आहे का ते बघायला मेन (मोठ्या शिडाच्या) हॅलयार्डला स्टीलचा टेप बांधून वर चढवा आणि दोन्ही चेनप्लेटपर्यंत मोजा. दोन आकडे सारखे हवेत. तोच टेप मागच्या फळीच्या मध्यावर टेकवला की डोलकाठी मागे किती झुकली ते कळतं. तो आकडा डेकखाली लिहून ठेवा.

तापीकाठ
हॅलयार्ड आणि शीटसाठी (शीड आत-बाहेर ओढायच्या दोरासाठी) बाजारातला दोर चालेल? आणि श्राउडला पाय लागतो तिथे ठिबकची १६ मिमी नळी घालू का? घरात पडलेली आहे.

सुतारपक्षी
निळा-पिवळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हात वर्ष-दीड वर्षात भुकटी सोडतो आणि हाताला टोचतो. नायलॉन ताणतो, टोइंगला चांगला, हॅलयार्डला वाईट. शीटला ८ मिमी विणलेला पॉलिएस्टर घ्या. हॅलयार्डला ४ मिमी डायनीमा (फारसा न ताणणारा भक्कम कृत्रिम दोर) घेतलात तर कप्पीच्या खाचेतले तारेने पाडलेले ओरखडे आधी बारीक पॉलिश पेपरने काढा, नाहीतर दोर कापला जाईल. डायनीमाला गाठ मारली की निम्म्याहून अधिक ताकद जाते, शिवाय गाठ सरकते. टोकाला स्प्लाइस करा, म्हणजे दोर त्याच्यातच परत ओवून फास करा.

ठिबकची नळी उन्हाला टिकते, काळी असल्यामुळे. पण सैल ठेवा, वर-खाली टेप लावून बंद करू नका. बंद केली की आत पाणी साचतं आणि खालचा स्वेज दिसतही नाही. दर महिन्याला वर सरकवून कापसाचा बोळा.

लोहारआळी
क्लेव्हिस पिनच्या (आटे नसलेल्या गुळगुळीत पिनच्या) जागी बोल्ट नको, आट्यांवर भार आला की आटे करवतीसारखे भोक कापतात. आणि पंडालवाल्याकडचा उघड्या हुकाचा टर्नबकल तर नकोच, हुक सरळ होतो. भोकांची अ‍ॅडजस्टर पट्टी साधी आणि बरी.

वायरमन_भुसावळ
दोन गोष्टी, रिगिंगच्या आधीच्या. जलाशयावर होडी घालायला जलसंपदा विभागाची लेखी परवानगी काढा, आणि हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे असतात त्या उथळ भागापासून दूर राहा.

दुसरी अधिक गंभीर. काठावर उपसा सिंचनाच्या पंपांसाठी ११ केव्हीच्या लाइन आहेत. रस्ता ओलांडणारी तार नियमाने ६.१ मीटरवर हवी, पण शेतावरून जाणाऱ्या उघड्या तारेला ४.६ मीटरचीच किमान उंची आहे, आणि उन्हात झोळ वाढतो. तुमची डोलकाठी सहा मीटरच्या पुढे, त्यात ट्रेलरची उंची. स्पर्श व्हायचीही गरज नाही, पुरेसं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. डोलकाठी पाण्याच्या कडेला उभी करा, ट्रेलरवरून नेताना आडवीच. आदल्या दिवशी रिकाम्या हाताने पूर्ण वाट चालून वर बघून या.

तापीकाठ
हे डोक्यातच नव्हतं. बोरीच्या झाडापाशी एक लाइन आहे, जागा बदलतो.

खरेदी अशी ठरवली: ३ मिमी १×१९ तार १६ मीटर, वरची ३ स्वेज टोकं, खालची ३ यांत्रिक, मोनेल रिव्हेट २० म्हणजे १२ लागतील आणि ८ जादा, एम६ बोल्ट-नायलॉक ८ जोड, क्लेव्हिस पिन ६, स्प्लिट पिन डझनभर. दोन्ही चेनप्लेट नव्या. काही राहिलं?

शिडवाला
स्प्लिट पिन दोन डझन घ्या, एकदा वाकवलेली पुन्हा वापरायची नाही. दोन्ही पाय पूर्ण गुंडाळू नका, १५-२० अंश फाकवले की पुरे, म्हणजे पाण्यावर गरज पडली तर पक्कडने निघते. वरून टेप, नाहीतर जिबची शीट अडकून पिन ओढून काढते.

आणि होडीत ४ मिमी डायनीमाचा ६ मीटर तुकडा ठेवा. श्राउड तुटतो तो वाऱ्याकडचा. आवाज आला की विचार न करता ताबडतोब टॅक करा (होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे फिरवा), भार दुसऱ्या श्राउडवर जातो आणि डोलकाठी उभी राहते. जाइब (मागचं टोक वाऱ्यातून फिरवणं) नको, त्यात बूम (मोठ्या शिडाखालची आडवी काठी) झटक्याने येतो. मग शीड सैल सोडा, मेन उतरवा, मेन हॅलयार्डला डायनीमा बांधून वर चढवा, तुटक्या बाजूच्या चेनप्लेटला आवळा आणि वल्हं मारत परत या.